पतीच्या नावाचा रकाना

अल नहदा, शारजा
रविवार, १२ जानेवारी २०२५

अप्पा,

हनीफचाचा माझा डबा देऊन मग तुमचा पोचवतात, म्हणून त्यांच्या डब्यांच्या पिशवीत, चपात्यांच्या फडक्याखाली हे पाकीट ठेवते आहे. त्यांना एवढंच सांगितलं, की घरचे कागद आहेत. ते म्हणाले, "बेटी, बाप वीस मिनिटांवर राहतो, आणि तू चिठ्ठ्या पाठवतेस?" मी हसून वेळ मारून नेली.

चौदा महिने झाले. तुमचं शेवटचं वाक्य होतं, "हय फोन करू नको, खोलीत माणसं असतत." खोलीत आठ माणसं आहेत आणि तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे मला माहीत आहे. तेवढंच कारण होतं का, ते विचारत नाही. म्हणून हा कागद. हा तुम्हाला एकट्याला वाचता येईल.

तुम्हाला ठाऊक आहे तेच पुन्हा लिहिते, कारण मला ते एकदा स्वच्छ लिहायचं आहे. कुशल जन्मला तेव्हा मुलगी म्हणून नोंदला गेला. आज तो पुरुष आहे. कलेक्टर कचेरीचं तसं ओळखपत्र त्याच्याकडे आहे. आमचं लग्न नोंदणी करून झालेलं आहे. सर्टिफिकेटची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. लग्नाला तुम्ही आला नाहीत, म्हणून निदान ती. आणि हेही आठवून पाहा, की हे सगळं कळायच्या आधी, गणपतीच्या सुटीत त्याने आपला पंप दुरुस्त केला, तेव्हा तुम्हीच आईला म्हणाला होतात, "ह्या पोराच्या हातात माप आसा." लेथवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाने असं कुणाबद्दल म्हटलेलं मी दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

आता काम. आम्हाला मूल हवं आहे. कुशलकडून ते होणार नाही. त्यामुळे दाता लागेल, मूल मी वाढवीन पोटात. गावाकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हे उपचार मोफत सुरू झाले आहेत. डिसेंबरच्या सुटीत आम्ही तिथे अर्ज केला. खिडकीवरचे साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "ताई, एकट्या बाई म्हणून अर्ज करा. कायद्यात बसतं. पतीचा रकाना सोडून द्या, लगेच नंबर लागेल. जोडपं म्हणून दिलात तर प्रकरण समितीकडे जाणार."

मी म्हणाले, जाऊ दे समितीकडे.

समिती २४ मार्चला बसणार आहे. माझा मूळ जन्मदाखला लागतो. पासपोर्ट दाखवला, तो चालला नाही. दाखला तुमच्याकडे आहे, निळ्या फायलीत, लॅमिनेट केलेला. माझी पदवी, आईचं रेशनकार्ड, आजोबांचा मृत्यूचा दाखला, सगळं घर तुम्ही त्या फायलीत घालून इंडस्ट्रियल एरियात नेऊन ठेवलंय. त्यातला एक कागद द्या. तो नसेल तर आमचं काम थांबेल.

रिकाम्या डब्यातून पाठवलात तरी चालेल, चाचा परतताना तो माझ्याकडे आणतील.

तुमची,
आभा


रविवार, २६ जानेवारी

अप्पा,

डबा परत आला. घासून, पुसून, कोरडा. आत काही नव्हतं. तुमच्या खोलीत डबा एवढा स्वच्छ कोण घासतो, ते मला माहीत आहे, म्हणून मी तेवढ्यावर दोन आठवडे काढले.

आज हनीफचाचा निरोप घेऊन आले. म्हणाले, "सदानंदभाई बोलला, पैसे लागत असतील तर सांग म्हणावं. दहा हजार दिरहम ठेवलेत, म्हणजे आपले सव्वादोन लाखांच्या वर. प्रायव्हेटात कर म्हणाला. सरकारी दवाखान्यात चार लोकांसमोर कशाला?" मग हळूच विचारलं, "बेटी, पित्ताचे खडे आहेत का?" मी हो म्हणाले. आता ते माझ्या डब्यात तिखट कमी घालतात. ही शिक्षा मी तुमच्या खात्यावर लावते आहे.

अप्पा, पैसे नकोत. रागाने लिहीत नाही. आम्ही एका खासगी डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. बाई फार गोड होत्या. त्यांनी आम्हाला चहा दिला, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही संध्याकाळी सातनंतर येत जा, तेव्हा गर्दी नसते." कुशलने कप खाली ठेवला. म्हणाला, "मॅडम, आम्ही गर्दीतच येऊ."

मी टायपिंग सेंटरमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरते. व्हिसा, भाडेकरार, मुलांचे पासपोर्ट. समोर बसलेला माणूस अर्ज भरताना आवाज खाली आणतो, हे मी चार वर्षं पाहते आहे. पगार सांगताना, शिक्षण सांगताना. "मॅडम, दहावी नापास लिहू नका ना, काहीतरी दुसरं लिहा." मी इथे कुणाला कुशलबद्दल सांगत नाही. नवरा गावी असतो म्हणते, ते खरंच आहे. इथे आवाज खाली ठेवावा लागतो, तो मी ठेवते. पण आपल्या गावच्या सरकारी खिडकीवरही तो खाली ठेवायचा असेल, तर तुम्ही मला शिकवलंत ते कशासाठी?

रांगेतली एक गोष्ट सांगते. एकेचाळीस नंबर होता आमचा. पुढच्या बाईने विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?" मी म्हणाले, वर्ष. "मग एवढी घाई? औषधपाणी करून बघितलंस? उपास धर." मी काही बोलायच्या आत कुशल म्हणाला, "तिला काही झालेलं नाही मावशी. कमी माझ्यात आहे. माझ्याकडून होणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय."

अप्पा, रांगेतली डोकी वळली. मागच्या एकीने आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं, "ऐकलंत? बघा, माणूस कसा बोलतो ते!" तो बिचारा खिशातला मोबाईल चाचपायला लागला. दुसरी म्हणाली, "आमचे हे सात वर्षांत तपासणीसाठी एकदा रक्त द्यायला आले नाहीत." मग दुपारपर्यंत सगळ्या बायका कुशलला जागा करून देत होत्या, केळी देत होत्या. त्याच्याबद्दल त्यांना सगळं माहीत नव्हतं. पण जे त्याने सांगितलं, ते खरं होतं, आणि ते मोठ्याने सांगितलं होतं. त्या दिवशी मी त्या रांगेत जशी ताठ उभी होते, तशी पदवी घेतानाही उभी नव्हते.

दाखला द्या, अप्पा. पैसे तुमच्याकडे असू देत.

आभा


रविवार, १६ फेब्रुवारी

अप्पा,

डबा तीनदा रिकामा आला. आज मी मागायला लिहीत नाही. पहिल्या पत्रात एक गोष्ट लपवली होती, ती सांगायला लिहिते आहे.

खिडकीवरच्या साहेबांना मी "जाऊ दे समितीकडे" म्हणाले, ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी नाही.

पहिल्या दिवशी कुशल झेरॉक्स काढायला खाली गेला होता. साहेबांनी अर्ज पुढे केला आणि सोपा रस्ता सांगितला. माझ्या मागे पन्नास माणसं होती, सुटीचे पाच दिवस उरले होते. मी घरातली पहिली पदवीधर, रोज तीस अर्ज भरणारी. मी पतीच्या नावाच्या रकान्यात रेघ मारली. आडवी, सरळ, सवयीने. सही केली.

कुशल झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आला. त्याने अर्ज वाचला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मग माझ्या कागदांच्या झेरॉक्स काढायची गरज नव्हती." आणि तो गठ्ठा त्याने नीट दुमडून शर्टाच्या आत ठेवला. बसमध्ये दीड तास तो खिडकीबाहेर पाहत होता. घरी आल्यावर मी म्हणाले, "कागदावरच तर आहे." तो म्हणाला, "आभा, मला कागदावर यायला अकरा वर्षं लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रांग लावली आणि नवा अर्ज मागितला. साहेब वैतागले. "ताई, होत असलेलं काम स्वतःच्या हाताने बिघडवताय." त्यावर मी ते वाक्य म्हणाले, जे तुम्हाला मोठ्या ऐटीत लिहून पाठवलं. ऐट खोटी नव्हती. पण एक दिवस उशिराची होती.

हे आईला फोनवर सांगत होते. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "तुझ्या दाखल्यावर पण रेघ होती."

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं, अप्पा. मी जन्मले तेव्हा तुम्ही इथे होतात. आई माहेरी होती. नोंद करायला मामा गेला, तुमचा एकही कागद त्याच्याजवळ नव्हता, आणि ग्रामसेवकाने वडिलांच्या नावाच्या जागी रेघ मारून दिली. तीन वर्षांनी तुम्हाला पहिली सुटी मिळाली. अठ्ठावीस दिवसांची. आई म्हणाली, "त्यातले अकरा दिवस हे तालुक्याच्या कचेरीत बसले. मी म्हटलं, मुलीला घेऊन कुठे तरी जाऊया की. तर म्हणाले, आधी तिच्या कागदावर मी येतंय, मग फिरूया." बाराव्या दिवशी तुमचं नाव लागलं. इथे परत आल्यावर पहिल्याच पगारात तुम्ही तो दाखला लॅमिनेट करून घेतलात. पुन्हा कुणी त्या रकान्याला हात लावू नये म्हणून.

मला वाटायचं, गल्फातली माणसं दिसेल तो कागद प्लास्टिकमध्ये घालतात, तसेच तुम्हीही.

आता मला एवढंच म्हणायचं आहे. एका रेघेचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या मुलाच्या कागदाची सुरुवात तशी होऊ नये, म्हणून आम्ही गर्दीत उभे आहोत. बाकी तुम्ही जाणता.

आभा


रविवार, २ मार्च

अप्पा,

शुक्रवारी रिकाम्या डब्यात दाखला मिळाला. सोबत चिठ्ठी नव्हती. तुमच्या मशीनच्या तेलाचा एक बोटाचा ठसा मात्र प्लास्टिकवर होता, तो मी पुसला नाही.

खरं तर मी आज फक्त आनंदाचं पत्र लिहायला हवं होतं. पण मी एक घोळ घातला आहे.

कुशल रुग्णालयात विचारून आला. पडताळणीचा शिक्का मूळ दाखल्याच्या मागे मारतात. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, शाई ओघळते. लॅमिनेट केलेला कागद ते घेतच नाहीत. आणि हे मला माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? सेंटरमध्ये माझ्या टेबलासमोर मीच मोठ्या अक्षरात लावलंय, "ओरिजिनल लॅमिनेट करू नका." आठवड्याला चार माणसं तसलीच डिग्री घेऊन येतात, आणि मी त्यांना म्हणते, "भाई, अटेस्टेशन नाही होणार. कोणी सांगितलं प्लास्टिक करायला?" मग ते माझ्याकडे असे बघतात, जसे मी त्यांच्या बापाला काही बोलले आहे. आता कळलं.

काल सुटी होती. रोजे सुरू झाले म्हणून इमारतीत सगळं शांत होतं. मी केस वाळवायचं मशीन लावून कोपऱ्यातून प्लास्टिक उचलायला गेले. बोटभर निघालं. मग कागदाचा एक पापुद्रा त्याच्याबरोबर आला. कोपरा कोरा होता, अक्षर गेलं नाही. पण पुढची ओळ तुमच्या नावाची होती. तिथे मी थांबले. मशीन बंद करून ठेवलं.

दुसरा दाखला मिळायला फार वेळ लागेल. माझं विमान १९ तारखेचं आहे.

तुमच्या हातांना एका केसाइतका फरक कळतो, असं तुमच्या खोलीतले मुरलीधरकाका नेहमी सांगतात. मी दाखला परत पाठवते आहे. जमलं तर बघा. नाही जमलं, तर जसा आहे तसा द्या, मी तसाच समितीसमोर ठेवीन.

कोपरा फाडला त्याबद्दल माफ करा.

आभा


गाव
गुरुवार, २७ मार्च

अप्पा,

हे पत्र डब्यातून नाही, पोस्टाने येईल. तोवर मीच कदाचित परत पोचलेली असेन, पण लिहायचं राहायला नको.

सोळा तारखेला तुम्ही अल नहदाच्या बसथांब्यावर आलात, ते मला हनीफचाचांच्या फोनने कळलं. "यल्ला, चल बेटी, खाली उतर. बाप उन्हात उभा आहे." मी चपला न बदलता उतरले. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होतात आणि निळी फाईल छातीशी धरली होती, मुलाखतीला आल्यासारखी. सोळा महिन्यांत काय काय बोलायचं ठरवलं होतं मी. तुम्ही म्हणालात, "काय गो, बारीक झालंस." मी म्हणाले, "हनीफचाचा तिखट घालत नाहीत." तुम्ही हसलात. मग आपण दोघं इतका वेळ बस बघत राहिलो, की ड्रायव्हरने दोनदा दार उघडलं.

तुम्ही दाखला काढलात. कागद, नुसता कागद. इतक्या वर्षांनी हवा लागलेला. मी विचारलं, "कसं काढलंत?" तेव्हा तुम्ही जे बोललात, तेवढं सलग तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. सुटीचे दोन शुक्रवार. गरम हवेची गन लांब धरून. आणि मशीनच्या दोन भागांतली फट मोजायची ती फीलर गेज, तिची सगळ्यात पातळ पट्टी प्लास्टिकच्या खाली सरकवत, दर वेळी तांदळाच्या दाण्याएवढी. मुरलीधरकाका उजेड धरून बसले होते, आणि मध्येच म्हणाले, "सदा, एवढ्यात नवा पंप झालो असतो." फाटलेला कोपराही तुम्ही मागून पातळ कागद लावून सांधलात.

मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ग्रामपंचायतीत नवी नक्कल अर्ध्या दिवसात मिळता. माका ठावक आसा."

माझी मान खाली गेली. हो, मिळते. मलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुशल कधीही जाऊन आणू शकला असता.

"मगे माझ्याकडे कित्याक मागितलंस?"

"तुमच्या हातचाच हवा होता," मी म्हणाले.

तुम्ही दाखला माझ्या हातात दिलात. फाईल बंद करताना मात्र पहिल्याच कप्प्यात मला एक चकचकीत कागद दिसला. आमच्या लग्नाच्या सर्टिफिकेटची ती झेरॉक्स. चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये, कडा गोल कापलेल्या. तुम्ही पटकन फाईल मिटलीत, कान लाल झाले तुमचे. म्हणालात, "झेरॉक्स होती ती. झेरॉक्साक चालता."

आता सोमवारचं. समितीत तीन माणसं होती. मधल्या बाईंनी सगळी फाईल वाचली, कलेक्टरचं ओळखपत्र, लग्नाचं सर्टिफिकेट, डॉक्टरांचा दाखला. एक गृहस्थ म्हणाले, "एकट्या बाई म्हणून केलं असतंत तर जानेवारीतच झालं असतं." कुशल म्हणाला, "सर, मूल जन्मल्यावर रात्री उठणार मी, शाळेत सोडायला जाणार मी. मग अर्जातच का नको?" बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी कायद्याचं पुस्तक मागवलं. आम्हाला चाळीस मिनिटं बाहेर बसवलं. त्या चाळीस मिनिटांत कुशलने माझा हात धरला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सरळ बसला होता. तुम्हीही कचेरीत असेच बसत असाल, असं मला वाटलं.

परत आत बोलावलं तेव्हा बाईंनी माझा जन्मदाखला उजेडाकडे धरला होता. "याचं लॅमिनेशन कुणी काढलं? आमच्याकडे लोक फाडून आणतात."

मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी. ते शारजात लेथवर काम करतात."

त्यांनी दाखला उलटा केला आणि शिक्का मारला. अप्पा, शाई अजिबात पसरली नाही.

मग त्यांनी नवा केसपेपर घेतला आणि स्वतःच्या पेनाने भरला. विचारत विचारत. रुग्णाचं नाव. वय. पतीचं नाव. कुशलने सांगितलं, मोठ्याने. पलीकडच्या टेबलावरच्या शिपायालाही ऐकू गेलं असेल. त्यांनी लिहिलं.

पहिला नंबर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, त्यासाठी मी पुन्हा सुटी घेऊन येईन. एका फेरीत होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. न होण्याचीच शक्यता जास्त, हेही त्यांनी सरळ सांगितलं. झालं नाही तर पुन्हा रांग लावू. बाहेर आलो तेव्हा डिसेंबरातल्या त्या सात वर्षंवाल्या वहिनी भेटल्या, नवऱ्यासकट. तो रक्त द्यायला आला होता.

आईने काल देवापुढे साखर ठेवली. कुशल सकाळपासून आपला पंप उघडून बसला आहे. म्हणतो, "अप्पा आले की बघतील, आत्ताच नीट करून ठेवतो." तुम्ही कधी येणार, ते तो मला विचारत नाही. मी तुम्हाला विचारते आहे.

केसपेपर सोबत ठेवला आहे. पतीच्या नावाचा रकाना तिसऱ्या ओळीत आहे, निळ्या शाईत.

ही झेरॉक्स आहे, अप्पा.

आभा